ब्याण्णव टक्के

"तुमची किती?"

चुरीकाकांनी मला पहिल्यांदा विचारलेला प्रश्न हा. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, लॅबमध्ये, मी नुकतीच लागले होते. कँटीनमध्ये एकटीच उसळ ढवळत बसले होते, तर समोर पन्नाशी उलटलेला एक काटक माणूस ताट घेऊन उभा. बसेना. लोक खिशाला पेन लावतात तिथं यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर लावलेला. मला वाटलं वय विचारतोय, नाहीतर पगार. मी मूळची बार्शीची. ऐकून घ्यायची सवय नाही. फणकाऱ्यानंच म्हटलं, "माझी काय किती?"

"बॅटरी हो, मॅडम. सकाळी किती होती, आता किती हाय? आणि डेटावर हाय का वायफायवर?"

मी फोन काढून दाखवला. त्यांनी काचेवर नखानं टिचकी मारली, आकडा वाचला, उभ्याउभ्या दोन घास खाल्ले आणि निघून गेले. शेजारची बाई म्हणाली, "लक्ष नका देऊ. ते सगळ्यांनाच विचारतात."

ती टिचकी ही काकांची खूण. ते इन्स्ट्रुमेंट खात्यातले. प्लँटमध्ये जिथं जिथं काटा किंवा आकडा दिसेल, तिथं तो खरा की खोटा हे बघणं त्यांचं काम. प्रेशरचं गेज वाचायच्या आधी काचेवर टिचकी मारायची, म्हणजे अडकलेला काटा सुटतो. तीस वर्षं हेच केल्यामुळं ते भिंतीवरच्या घड्याळाला टिचकी मारत, वजनकाट्याला मारत आणि मोबाईललाही मारत. मी एकदा म्हटलं, "काका, मोबाईलच्या आकड्याला काटा नसतो." तर म्हणाले, "माहीत हाय. पण बरं वाटते."

पायाला भिंगरी म्हणजे काय, ते मी या माणसाकडं बघून शिकले. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. बोईसर स्टेशनवरून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी हे दाराशी उभे, आणि नजर फोनवरच्या रेंजच्या दांड्यांवर. कंत्राटी कामगारांना तर आयती करमणूक. कुणीतरी लांबून ओरडायचं, "काका, कितना परसेंट?" आणि काका अगदी मन लावून उत्तर द्यायचे, "अठहत्तर. सुबह सौ था." सगळे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडं प्लँटमध्ये मोबाईल न्यायला सक्त बंदी. ज्वालाग्राही माल, एक ठिणगी पुरे. त्यामुळं प्लँटच्या दारात एक लाकडी खणांची मांडणी होती, तिथं फोन ठेवायचा आणि आत जायचं. सगळे मुकाट ठेवायचे. एक दिवस काका तिथं न ठेवता फोन घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले. लॅबच्या बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि वायफायचा डबा होता, तिथं फोन चालत असे.

"मॅडम, हा तुमच्याकडं राहू दे. वाजला की उचला, आणि प्लँटला इंटरकॉम करा. मी असेन तिथून येतो."

"मी काय तुमची टेलिफोन ऑपरेटर आहे का?"

ते हलले नाहीत. म्हणजे हलत होतेच, या पायावरून त्या पायावर, पण गेले नाहीत. मग म्हणाले, "सुमनचं नाव यादीवर हाय."

सुमन म्हणजे त्यांच्या पत्नी. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा पालघरला डायलिसिस. काकांनी स्वतःचं द्यायची तयारी केली, तर तपासणीत त्यांनाच मधुमेह निघाला. आता मुंबईच्या एका हॉस्पिटलच्या प्रतीक्षा यादीत नाव. कुणी माणूस गेला, घरच्यांनी त्याचं मूत्रपिंड द्यायचं ठरवलं, रक्तगट जुळला, की हॉस्पिटलचा फोन येणार. कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. फोन उचलला तर निघायचं, नाही उचलला तर यादीतल्या पुढच्याला. फॉर्म भरून घेताना तिथल्या बाईंनी बजावलं होतं, फोन चोवीस तास चालू ठेवा. दीड वर्ष हा माणूस ते एक वाक्य खिशात घेऊन फिरत होता. आणि आम्ही त्याला परसेंट विचारून हसत होतो.

मी फोन ठेवून घेतला. मला अशा वेळी चांगलं बोलता येत नाही.

पण फोन जुना होता आणि त्याची बॅटरी भराभर उतरायची. माझ्या खोलीत चार्जर लावायला सेफ्टीवाल्यांची मनाई, कारण मागे कुणाच्यातरी चार्जरनं जाळ काढला होता. पॉवर बँक काकांनी घरासाठी राखून ठेवलेली, कारण माकुणसारला त्यांच्या घरी पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मग काकांनी प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवायला घेतला. जुन्या कॅलिब्रेशनच्या वहीची मागची पानं उघडली, पट्टीनं रेघा मारल्या. वेळ, ठिकाण, रेंजच्या दांड्या, डेटा की वायफाय, टक्के, कोणी पाहिलं आणि शेवटी शेरा. गेजची तपासणी लिहितात तसंच. माझ्या खोलीतल्या नोंदी मी करायच्या. 'कोणी पाहिलं' या रकान्यात ते स्वतः सुबक अक्षरात 'मॅडम' असं लिहीत.

पहिले आठ दिवस फोन नुसत्या डेटावर. माझ्या खोलीच्या भिंती जाड, रेंजची कशीबशी एक दांडी. सकाळी शंभर असलेला फोन दुपारी चारला पन्नासच्या आसपास. पुढचे आठ दिवस वायफायवर. तोच फोन, तेच टेबल, चारला सत्तरच्या वर. मी म्हटलं, "झालं की! डेटा बॅटरी खातो, वायफाय वाचवतं. मिटलं."

"एवढ्यात कसं मिटेल? एका गेजवरून सगळा प्लँट सांगता येते काय?"

आणि रविवारी मला माकुणसारला बोलावलं, घरचं रीडिंग बघायला. दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर मी गेले नसते. पण गेले. कौलारू, नीटनेटकं घर, मागं पानवेलीची वाडी. फोन एका कापडी पिशवीत घालून केळव्याच्या बाजूच्या खिडकीच्या गजाला टांगलेला, कारण घरभर तेवढी एकच जागा रेंजची. तिथंही दांडी येई-जाई. काका दर तासाला उठून टिचकी मारत. मग मला स्कूटीवर मागं बसवून, म्हणजे माझ्याच स्कूटीवर, सफाळे स्टेशनपर्यंत नेलं. तिथं रेंज भरपूर. डेटा चालू ठेवून आम्ही दोघं बाकाजवळ दोन तास. मी बसून, ते फेऱ्या मारत. बॅटरी जेमतेम सहा टक्के उतरली. घरी तेवढ्याच वेळात सोळा उतरली होती.

"बगा," काकांचा चेहरा उजळला होता. "डेटाचा दोष नाय. रेंज नसली की फोन टॉवरला हाका मारत बसते. ओ देईपर्यंत मारते. त्यानं दमते."

मला तेव्हा म्हणावंसं वाटलं, काका, तुम्ही दुसरं काय करता?

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सुमनकाकींनी मला पेलाभर पाणी दिलं. मी निम्मं प्यायले आणि निम्मं तसंच ठेवलं, आपण ठेवतो तसं. बोलताबोलता लक्षात आलं, काकींची नजर त्या उरलेल्या पाण्यावर आहे. डायलिसिसवाल्या माणसाला पाणी मोजून. काका सकाळी एका वाटीनं मापून तांब्यात ओतायचे, दिवसभराचं तेवढंच, चहासुद्धा त्यातच. ओठ सुकलेले. पण बाई हसतमुख. मला म्हणाल्या, "हे फोनला जास्त जपतात बाय, माझ्यापेक्षा." मी तो पेला उचलून मोरीत रिकामा केला. तेही चुकलंच असं नंतर वाटलं.

आता माझी अक्कल ऐका.

सोमवारी मी काकांना म्हटलं, "फोन हाका मारून दमतो ना? मग त्याला हाका मारूच द्यायच्या नाहीत. फ्लाइट मोडवर टाका आणि वायफाय चालू ठेवा. तुमच्या फोनला वायफायवरून साधा कॉलही येतो, सेटिंग करून देते." दिलं करून. त्यांनी समोर उभं राहून माझ्या फोनवरून आपला नंबर लावला. वाजला. पुन्हा लावला. वाजला. दहा वेळा लावला असेल या माणसानं. मी शेवटी ओरडले, "अहो, घासून जाईल नंबर!" त्या दिवशी चारला बॅटरी चौऱ्याण्णव. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'उत्तम. मॅडमची युक्ती.' मी मिरवत होते नुसती.

तीन आठवडे असंच चाललं. काका जरा बसायलाही लागले होते. एकदा तर चहा बसून प्यायले.

आणि एका बुधवारी दुपारी विद्युत खात्यानं दुरुस्तीसाठी आमच्या इमारतीची लाइन बंद केली. तशी सूचना फळ्यावर लावलेली होती. मी वाचलीही होती. लॅबमधली यंत्रं नीट बंद केली, नमुने फ्रीजमधून काढून दुसरीकडं हलवले, आणि उजेड नाही म्हणून व्हरांड्यात जाऊन इतर बायकांबरोबर गप्पा मारत बसले. वायफायचा डबा विजेवर चालतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही सुचलं. टेबलावर फोन फ्लाइट मोडवर पडलेला. टॉवरशी नातं मी तोडलेलं, वायफाय गेलेलं.

पाऊण तासानं वीज आली. मी आत गेले, सवयीनं फोन उचलला, नोंद करायला. ब्याण्णव टक्के. काय छान, असंसुद्धा मनात आलं. तेवढ्यात वायफाय जागं झालं आणि फोनवर संदेश पडू लागले, अमुक नंबरवरून तुम्हाला कॉल आला होता. एक, दोन, तीन. मुंबईचा नंबर.

मी इंटरकॉमवर काय बोलले ते आठवत नाही. काका हेल्मेट घातलेलेच धावत आले. उलट फोन लावला. त्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, की तुमच्या दोन्ही नंबरांवर प्रयत्न केला. दुसरा नंबर काकींचा, त्या फोनला घरात रेंज नसते. आम्हाला थांबता येत नाही, पुढच्या पेशंटला कळवलं. तुम्ही यादीत तिसरे होतात, कदाचित तुमच्यापर्यंत आलंही नसतं. पुन्हा येईल, फोन चालू ठेवा.

"चालूच होता," काका म्हणाले. "ब्याण्णव टक्के होता."

फोन ठेवून ते माझ्या खुर्चीत बसले. मी त्यांना इतका वेळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी रडत होते, हात जोडत होते, काका मी केलं हे, माझ्यामुळं झालं, असं काहीबाही बोलत होते. ते नुसते समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. टिचकी मारायलाही उठले नाहीत. पाचच्या बसला मान खाली घालून चढले.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी ठरवूनच आले होते, की काकांना तोंड दाखवायचं नाही, रजा टाकायची आणि बार्शीला जायचं. अर्ज लिहून तयार होता. तर साडेआठला काका नेहमीसारखे दारात.

"मॅडम, हा ठेवा." फोन माझ्या टेबलावर. "फ्लाइट मोड काढलाय. डेटावरच राहू दे. उतरली तर उतरली. खिडकीत ठेवा, तिथं दोन दांड्या येतात."

"काका, माझ्याकडं कसा ठेवता तुम्ही? दुसऱ्या कुणाकडं द्या ना."

"दुसरं कोण माझा फोन वाजायची वाट बगते?"

मी अर्ज फाडला. आणि सेफ्टीच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन अशी काही भांडले, की त्यांनी माझ्या खिडकीत एका चार्जरची लेखी परवानगी दिली. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तेव्हा युक्त्या लढवत बसले.

त्यानंतर मीही काकांसारखीच झाले. जेवायला जाताना फोन हातात, बाथरूमला जाताना शेजारणीच्या ताब्यात. कुणी "मॅडम, कितना परसेंट?" म्हटलं की मी आकडा सांगायचे. कुठला तरी कर्जवाला किंवा लकी ड्रॉवाला त्या नंबरवर फोन करायचा आणि माझ्या शिव्या खायचा. बार्शीच्या शिव्या, ठेवणीतल्या.

सात महिन्यांनी, सकाळी अकराला, तो मुंबईचा नंबर वाजला. पहिल्या रिंगला उचलला. बाई म्हणाल्या, पाच तासांच्या आत पोहोचता येईल का? मी म्हटलं, "चार तासात येतील!" माझा काय अधिकार होता? पण म्हटलं. इंटरकॉमवर प्लँटला फोन केला आणि फक्त "काका, आला!" एवढंच ओरडले. कंपनीची गाडी निघाली. माकुणसारच्या शेजाऱ्यानं काकींना रिक्षात घालून वरई फाट्यावर हायवेला आणलं, तिथून त्यांना गाडीत घेतलं. गाडीतून काकांचा फोन आला. मला वाटलं काही विसरलं. आवाज एकदम बारीक. "मॅडम, आमी वाट बगत होतो ना, ती कोणाच्या तरी घरच्या वाईटाचीच बगत होतो. आज कळते." मी म्हटलं, "काका, गाडीत चार्जर लावा." ते म्हणाले, "लावलाय."

ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. काकांनी आधी रजा काढली, मग नोकरीच सोडली. तशीही एकदीड वर्षाचीच उरली होती. सुरुवातीला रोज फोन करायचे, मग आठवड्यानं, मग मी करायचे. माझ्या खिडकीतला चार्जर तसाच लोंबकळत राहिला, काढवेना.

मागच्या एका रविवारी सकाळी सहज नंबर लावला. पलीकडून ती यंत्रातली बाई म्हणाली, आपण ज्या क्रमांकाशी संपर्क करू इच्छिता तो बंद आहे.

इतक्या वर्षांत त्या नंबरवर मी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. पुन्हा लावला. बंद. काकींच्या फोनला रेंज नव्हतीच. अर्धा तास थांबून लावला, बंद. काका आणि फोन बंद? काकींनाच काहीतरी झालं असणार. मूत्रपिंड शरीरानं नाकारलं, संसर्ग झाला, काय काय मनात येऊन गेलं. स्कूटी काढली आणि पालघर ओलांडून केळव्याच्या रस्त्यानं माकुणसार गाठलं. वाटेत कुणी हात केला तेही पाहिलं नाही. अंगणात शिरताना पहिली नजर गेली ती दाराबाहेरच्या चपलांवर. कुणी गेलं की घराबाहेर चपलांचा ढीग पडतो. दोनच जोड होते.

सुमनकाकी ओट्यावर बसलेल्या. तोंडाला मास्क, हनुवटीवर ओढलेला. गालावर मांस आलं होतं. शेजारी एक मोठी प्लास्टिकची बाटली, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे. प्रत्येकावर सुबक अक्षरात, आठ, दहा, बारा, दोन.

"ये बाय, अशी धापा का टाकते?"

मी उत्तर द्यायच्या आत काका वाडीतून आले, पंपाच्या पाइपामुळं हात चिखलानं भरलेले. माझ्याकडं पाहिलंही नाही. वाकून बाटलीवर टिचकी मारली. "साडेबारा झाले. बाराच्या पट्टीखाली यायला पायजे होतं. तू पीत नाय."

"बगितलंस?" काकी मला म्हणाल्या. "पयले पाणी देत नव्हते, आता पाणी सोडत नाय. डॉक्टरनं भरपूर पी सांगितलं आणि यांच्या हातात वही आली."

"काका!" मी ओरडलेच. "फोन बंद आहे तुमचा! सकाळपासून मी..."

त्यांनी खिसा चाचपला. मग इकडंतिकडं पाहिलं. फोन खिडकीत, लोणच्याच्या बरणीआड पालथा पडला होता. पिशवीही नव्हती गजाला. त्यांनी उचलला, काळी काच पाहिली, आणि मलाच विचारलं, "कवापासून?"

मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि चार्जर शोधायला आत गेले. चार्जर सापडेना, फळीवर ती वही सापडली. आता तिच्यात पाण्याचे रकाने. मी मागची पानं उलटली. तो बुधवार शोधला. ती ओळ काकांच्या अक्षरात होती. लॅब. दुपारी दोन चाळीस. टक्के ब्याण्णव. 'कोणी पाहिलं' हा रकाना त्या एका ओळीत कोरा होता. शेऱ्यात दोन शब्द, 'वीज गेली.' बस. फ्लाइट मोडचं नाव नाही. माझं नाव नाही.

बाहेर आले तेव्हा डोळे भरले होते, आणि लपवायची मला कला नाही. काकी घाबरून म्हणाल्या, "काय झालं गो?"

"काही नाही. जरा पाणी द्या."

त्यांनी हाताशी होती तीच बाटली उचलली, पेला घेतला आणि ओतायला लागल्या. पंपाकडं निघालेले काका जागच्या जागी थबकले.

"अगो, त्यातलं नको! माझं रीडिंग चुकेल!"

काकींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पेला काठोकाठ भरून माझ्या हातात दिला. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.